आज शाळा नाही का?

आमच्या सूनबाईला कोणी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तर ती आधी घोटभर पाणी पिते. मग विचारते, "जन्मले ते गाव सांगू, चालायला लागले ते, की वाचायला लागले ते?" समोरचा गडबडतो, कारण बिचाऱ्याने नुसतं बोलायचं म्हणून विचारलेलं असतं.

तिचे वडील पूल बांधणाऱ्या खात्यात होते. जगातली माणसं पूल झाला की पलीकडे जातात. हे कुटुंब पूल झाला की गाशा गुंडाळून पुढच्या नदीवर जायचं. माझे व्याही म्हणजे मोठा हसरा माणूस. मी एकदा त्यांना विचारलं, "व्याहीबुवा, एवढे पूल बांधलेत, त्यातल्या एखाद्यावरून कधी आरामात फिरायला गेलात का हो?" डोकं खाजवत म्हणाले, "कठड्याला रंग लागेपर्यंत थांबू दिलं तर ना! आमची कायम रंगाच्या आधी बदली."

लेकीला मात्र याचं हसू येत नसे. दर नव्या गावात नवी शाळा, आणि दर शाळेत तोच सोहळा. बाई हाताला धरून वर्गात न्यायच्या, सगळ्यांसमोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, "मुलांनो, ही नवीन मुलगी." मग शेवटचा बाक, गळक्या खिडकीशेजारचा. कोणाशी गट्टी जमून डबा वाटून खायची वेळ आली, की तिकडे पूल पुरा झालाच! लग्नाच्या आधी ती आम्हाला भेटायला आली तेव्हा आमच्या घरातली जड लाकडी कपाटं बघून तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं पोरीला लाकडातलं कळतं. आता कळतंय, तिला त्यांचं वजन आवडलं होतं. ही माणसं सहजासहजी हलणार नाहीत, असं तिने मनाशी म्हटलं असणार.

आमचे चिरंजीव दातांचं काम करतात. दात काढणारे ते नव्हेत, काढल्यानंतरचे. कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, कधी कवळी टोचते म्हणून अख्खा माणूसच पाठवतात. चिरंजीव मग घरातच बसून प्लास्टरचे जबडे ओततात, मेणात दात बसवतात आणि चाकावर घासून चकचकीत करतात. त्यांच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर अनोळखी लोकांचे जबडे मांडून ठेवलेले. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, सगळं घर आपल्याला हसतंय.

या घरात दोन मुलं झाली. मोठी नात, तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण जेवायला बोलावलं तरी ती आधी हरकत घेते. धाकटा नातू प्रश्नोपंत. त्याचं हे नाव का पडलं ते सांगायला नको. मुलं शाळेत घालायच्या वयाची झाली तेव्हा सूनबाईने जाहीर केलं, "माझी मुलं घरी शिकतील. कोणी त्यांना हाताला धरून 'नवीन' म्हणून उभं करणार नाही." आणि तिने खरंच शिकवलं. स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे वर्ग. घंटा नाही, इयत्ता नाही, सुट्टीही नाही, कारण शाळाच नाही तर सुट्टी कसली? नियम एकच: आमच्या घरात कोणी उभं राहून उत्तर द्यायचं नाही. बसून द्या, लोळून द्या, खाता खाता द्या. गणित बापाच्या खोलीत. प्रश्नोपंताला बत्तीसचा पाढा आधी आला, दोनचा नंतर.

लोक मला विचारायचे, "तुम्हाला हे चालतं?" मी म्हणायचो, मला का चालू नये? आमच्या खेड्यातली शाळा म्हणजे एक खोली, चार इयत्ता आणि एक गुरुजी. गुरुजी चौथीला भूगोल सांगायचे तेव्हा आम्ही पहिलीवाले पाटीवर रेघोट्या मारत तो ऐकायचो. मी चौथीत पोचलो तोवर भूगोल पाठ झाला होता, म्हणून गुरुजींनी मला त्यांची गाय बघायला पाठवलं. मी चौथी गायीबरोबर केली. तीही माझ्याबरोबर पास झाली असं गुरुजी म्हणायचे. तेव्हा शाळा घरात भरली काय आणि गोठ्यात भरली काय!

पण मी सूनबाईची गोष्ट सांगत होतो.

आम्ही राहत होतो ते घर भाड्याचं. वर्षानुवर्षं राहिलो, इतकी की घरमालकीणबाईंचं घर आहे हे आमच्याबरोबर त्याही विसरल्या असाव्यात. एक दिवस त्या आल्या, खुर्चीच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी मुलगी परत येतेय, मुलाबाळांसकट. घाई अजिबात नाही. पण हे वर्ष संपायच्या आत बघाल ना?"

त्या गेल्या तशी सूनबाई हातातलं फडकं घेऊन तिथेच बसली. मी म्हटलं, "अगं, एवढं काय? घर बदलायचंय."

"बाबा," ती म्हणाली, "आता एकदाच बदलायचं. पुन्हा नाही. जिथे जाऊ तिथे मुलं मोठी होतील, तिथेच त्यांची माणसं होतील. चुकलं तर पुन्हा उचलायचं माझ्याच्याने होणार नाही."

इतकी मोठी पैज तिने स्वतःशीच लावली आणि तिथून आमचे हाल सुरू झाले. जो भेटे तो म्हणे, "तुमचं बरं आहे! ऑफिस नाही, शाळा नाही. कुठेही राहा!" हे 'कुठेही' फार वाईट असतं बरं का. बाकीच्यांना नोकरी जिथे नेईल तिथे घर शोधायचं, शाळा जिथे मिळेल तिथे गल्ली शोधायची. झालं, संपला विषय. आमच्यासमोर टेबलावर अख्खा नकाशा. सूनबाईने त्याचा अभ्यासच करून टाकला. मुलांना सांगितलं, प्रत्येक गावाचा पाऊस, तापमान, लोकसंख्या काढा. मुलं आनंदाने कामाला लागली. चिरंजिवांना कोरडी हवा हवी होती, कारण दमट हवेत प्लास्टरच्या गोणीचा दगड होतो. वकीलबाईला पोहता येईल अशी नदी हवी होती. प्रश्नोपंताला क्रेन दिसणारी खिडकी. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, ऐकून घेणारा न्हावी.

"आणि तुला गं?" चिरंजिवांनी विचारलं.

तिचं उत्तर तिला औषधाच्या दुकानात सापडलं.

ती प्रश्नोपंताला घेऊन खोकल्याचं औषध आणायला गेली होती. भर सकाळची वेळ. दुकानदाराने बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता काउंटरवरून खाली वाकून विचारलं, "काय रे, आज शाळा नाही का?"

वाक्य साधं आहे. पण सूनबाईचे कान लाल झाले. तिला ते असं ऐकू आलं, "मुलांनो, ही नवीन मुलगी." ती तरातरा बाहेर पडली, बाटली तिथेच राहिली. घरी येऊन म्हणाली, "ठरलं. ज्या गावात दिवसभर हिंडून एकही माणूस मुलांना 'आज शाळा नाही का' विचारणार नाही, ते आपलं गाव."

"आणि हवा?" चिरंजीव म्हणाले.

"हवेचं बघू."

चिरंजीव गप्प बसले. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसाला दातखीळ कधी बसवायची ते कळतं, आणि यांचा तर धंदाच तो.

मग आम्ही गावं बघायला निघालो. सगळे. डोंगरावरच्या गावात तर आम्ही उतरलोही नव्हतो, बसच्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "मुलांची शाळा बुडवली वाटतं?" सूनबाई म्हणाली, "परतीची तिकिटं पण आत्ताच द्या." मी म्हटलं, "अगं, डोंगर तरी बघून जाऊ." बघितला. खिडकीतून.

समुद्राकाठच्या गावात आशा वाटू लागली होती. दुपार होत आली तरी कोणी काही विचारेना. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. सूनबाई वाळूत बसून चक्क गुणगुणायला लागली. तेवढ्यात लांब पाण्यात एक डोकं दिसलं. ते जवळ आलं, त्याला खांदे फुटले, मग पोट फुटलं, आणि एक थुलथुलीत गृहस्थ निथळत आमच्यासमोर येऊन उभे राहिले. कानातलं पाणी झटकत म्हणाले, "मुलांनो, आज शाळा नाही का?"

"हे बघ," चिरंजीव हळूच म्हणाले, "इथली हवा तशीही दमट आहे."

विद्येचं म्हणून गाजलेल्या गावात तर बोलायलाच नको. तिथे वाचनालयातल्या बाईंनी नुसतं विचारलं नाही, तर घरच्या शिक्षणाचे तोटे समजावून सांगितले, आणि शेवटी मुलांना 'हळू बोला' म्हणून दटावलं. बोलत त्या एकट्याच होत्या.

या सगळ्यात घरांचे दलाल भेटायचे ते निराळेच. दलालांचं पहिलं वाक्य ठरलेलं. कुलूप उघडायच्या आधीच सुरू: "शाळा हाकेच्या अंतरावर आहे हां!" जणू घराला भिंती नसल्या तरी चालतील, शाळा आहे ना! सूनबाई चिडून जायची. म्हणून पुढच्या गावच्या दलालाला तिने फोनवरच बजावलं, "हे बघा, आमच्या मुलांना शाळेत जायचं नाही. माझ्यासमोर शाळेचं नाव काढायचं नाही. काढलंत तर मी घर न बघता परत जाईन."

"नाही काढणार बाई," तो म्हणाला. शब्दाला पक्का माणूस. त्याची ओळख पुढे होईलच.

तर आम्ही त्या गावी गेलो. सकाळची वेळ. बसमधून उतरलो आणि सूनबाई जागच्या जागी थांबली. रस्त्यावर मुलंच मुलं. कोणी सायकलवर, कोणी भिंतीवर, कोणी नुसतीच बोंबलत पळतायत. भर सकाळी, कामाच्या दिवशी! आम्ही किराणा दुकानात शिरलो. दुकानदाराने प्रश्नोपंताचा गाल ओढला, त्याच्या हातात गोळी ठेवली आणि विचारलं, "कुठून आलास रे?" बस्स, एवढंच. सूनबाई काउंटरला धरून उभी होती, पुढचं वाक्य कधी येतंय म्हणून. आलंच नाही. बागेत नाही, पुलावर नाही, खानावळीत नाही. एक आजीबाई आमच्या वकीलबाईला म्हणाल्या, "खेळ गं बाई, हेच दिवस आहेत खेळायचे."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, ऐकलंत? काय समजूतदार माणसं आहेत इथली!"

मी तोवर न्हाव्याकडे जाऊन आलो होतो. माझी चाचणी निराळी. तो ऐकून घेणारा होता, पण मधेमधे म्हणत होता, "हल्ली काय, दिवसभर पोरांचा धुडगूस. दुपारी डोळा लागत नाही." मी मान हलवली. माणूस एकदा खुर्चीत बसला, गळ्याशी कापड बांधलं, की न्हावी म्हणेल त्याला मान हलवतो.

दलालाने घर दाखवलं. घर खरंच छान होतं. चिरंजिवांच्या चाकासाठी मागची खोली, माझ्यासाठी ऊन येणारा व्हरांडा. स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर मागे हे एवढं मैदान, कडेने मोठमोठी झाडं, आणि पार टोकाला दारं लावलेली एक लांबलचक बैठी इमारत.

"ते काय आहे?" प्रश्नोपंताने विचारलं.

दलाल सूनबाईकडे बघून नुसता खाकरला.

"गोदाम असेल," चिरंजीव म्हणाले.

"कशाचं?"

"सामानाचं."

"मागे कोणी बांधकाम तर करणार नाही ना?" सूनबाईने विचारलं.

"कधीच नाही. लेखी देतो. ते मैदान कायम मैदानच राहणार."

"आणि शांतता?"

दलालाने छताकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मैदानाकडे. "आत्ता तर तुम्ही बघताच आहात," तो म्हणाला.

आम्ही घर घेतलं. जबडे एकेक करून टॉवेलांत गुंडाळले, कपाटं चार-चार जणांनी उचलली आणि थोड्याच दिवसांत आम्ही मुक्कामाला आलो. सूनबाई अशी खुशीत होती की खोकी उघडतानाही गाणी म्हणत होती. पहिली खोकी उघडली, बाकीची बोळात रचून ठेवली. मुलं दिवसभर बाहेर. आम्हाला वाटलं, आता फक्त सुख.

मग तो सोमवार आला.

मी व्हरांड्यात दाढी करत होतो. मागून आवाज झाला, घण घण घण घण! माझ्या हातातला वस्तरा थबकला म्हणून हनुवटी वाचली. प्रश्नोपंत धावत आला. "आजोबा, आग लागली का?" आम्ही स्वयंपाकघरात गेलो. खिडकीशी सूनबाई उभी, हातात पीठ तसंच. मैदान भरून गेलं होतं. शेकडो मुलं, सारख्या कपड्यांतली, रांगा करून. त्या लांबलचक गोदामाची सगळी दारं उघडी, आणि दारात एक शिपाई पितळी घंटा बडवतोय, जन्मभराचा राग असल्यासारखा.

"बाबा," सूनबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही शाळा आहे."

"तशी दिसतेय खरी."

"पण मग इतके दिवस..."

चिरंजीव दारात येऊन उभे राहिले होते. चष्म्यावर प्लास्टरची भुकटी. ते हळूच म्हणाले, "सुट्टी होती गं. मुलांना सुट्टी असते."

आता तुम्ही म्हणाल, पाच माणसांच्या घरात एकालाही आठवलं नाही? नाही आठवलं. ज्या घरात सुट्टी लागत नाही आणि संपतही नाही, त्या घराला ती कशी आठवणार? माझ्या लहानपणी सुट्टी म्हणजे गुरुजी आजारी पडले की.

सूनबाई हात धुऊन ताठ मानेने प्रश्नोपंताला घेऊन किराणा दुकानात गेली. खात्री करायला. रस्ता ओस पडलेला. तोच दुकानदार, तीच गोळीची बरणी. त्याने बरणीचं झाकण उघडलं, प्रश्नोपंताकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय रे, आज शाळा नाही का?"

दुपारी तिने दलालाला बोलावून घेतलं. तो आला, दारातच उभा राहिला.

"मागे शाळा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, मी त्याच शाळेत शिकलो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणालात, शाळेचं नाव काढायचं नाही." त्याचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "माझी जीभ कशी वळवळत होती ते माझं मला ठाऊक. अहो, या घराची तीच तर मोठी गोष्ट! दुसऱ्या कोणालाही मी हे घर शाळेसाठी विकलं असतं. तुमच्यासाठी मी पोटात ठेवलं."

सूनबाईने त्याला चहा दिला. दलाल गेला आणि तिने बोळातलं एक रिकामं खोकं ओढून घेतलं आणि त्यात फडक्यात गुंडाळून कपबश्या भरायला लागली.

"काय चाललंय?" चिरंजीव म्हणाले.

"दुसरं गाव बघायचं."

"अगं, जबडे अजून निघालेही नाहीत."

"मग बरंच झालं. परत बांधायला नकोत."

आणि तेव्हा आमची वकीलबाई खुर्चीवरून उठली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खाली बस," सूनबाई म्हणाली. "आपल्या घरात उभं राहून बोलायचं नाही."

"उभी नाही राहिले, उठलेय. आई, मला एक सांग. 'आज शाळा नाही का' हे आम्हाला विचारलेलं तुला आवडत नाही, की आम्हाला आवडत नाही?"

"तुम्हाला वाईट वाटतं म्हणून..."

"कोणाला वाईट वाटतं?" प्रश्नोपंत टेबलाखालून म्हणाला. त्याच्या गालात गोळी होती. "मी आज दुकानकाकांना सांगितलं, आमची शाळा स्वयंपाकघरात असते आणि मधल्या सुट्टीत खायला गरम मिळतं. ते म्हणाले, मला पण घाल तुझ्या शाळेत."

"आणि समुद्रावर?" मी विचारलं, कारण मला तो थुलथुलीत माणूस आठवला.

"त्यांना मी विचारलं, तुम्हाला आज ऑफिस नाही का? ते म्हणाले, तुझ्या आईला सांगू नको हं."

सूनबाईच्या हातातली बशी तशीच राहिली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण प्रश्न कानावर पडला की ती तरातरा पुढे निघून जायची. उत्तर ऐकायला ती एकदाही थांबली नव्हती.

वकीलबाई सोडणारी नव्हती. "आपण इथून गेलो तर तिथे पुन्हा नवीन. तिथून उठलो की पुढे पुन्हा नवीन. पुलाचे आजोबा म्हणतात तेच. रंगाच्या आधी बदली."

आजोळच्या आजोबांना मुलं 'पुलाचे आजोबा' म्हणतात. मागे मैदानात त्याच वेळी कसलीशी शर्यत लागली होती आणि पोरं छप्पर उडेल अशी ओरडत होती. सूनबाईने बशीकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "या गोंगाटात मला विचारही करता येत नाही. महिनाभर बघू." आणि कपबश्या परत मांडल्या. हरली असं म्हणाली नाही. ती तसं म्हणणारी नाही.

तो महिना संपल्याचं कोणी बोललं नाही. बोळातली खोकी बरेच दिवस तशीच होती. गिऱ्हाईक येईल तसतसा एकेक जबडा बाहेर निघत गेला.

आणि मग जी गंमत झाली ती ऐका. मागे मुलं मैदानात असली की स्वयंपाकघरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. ती वर्गात गेली की अशी शांतता, की टाचणी पडली तरी कळावी. मग सूनबाईने काय करावं? मागे घंटा झाली, मैदान रिकामं झालं, की ती पुस्तक उघडायची. पुन्हा घंटा झाली, पोरं सुटली, की पुस्तक मिटायची आणि मुलांना खायला द्यायची. शिपायाने घंटा बडवायला उशीर केला तर खिडकीतून बाहेर बघून म्हणायची, "आज काय झोपलाय का हा!" ज्या घरात घंटा नको म्हणून एवढा खटाटोप, ते घर आता गावात सगळ्यांत काटेकोर घंटेवर चालू लागलं. मी एकदा हे तिला म्हणून दाखवलं. म्हणाली, "बाबा, तुमचं दूध निवतंय."

पुढे एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईच घरी आल्या. मला वाटलं, तक्रार. पण त्यांची कवळी टोचत होती, डॉक्टरांनी चिरंजिवांकडे पाठवलं होतं. खुर्चीत बसल्या, तेवढ्यात दारात आमची दोन्ही मुलं येऊन उभी राहिली. बाईंनी त्यांना बघितलं, घड्याळाकडे बघितलं, भुवया वर गेल्या आणि तोंड उघडलं. चिरंजिवांनी त्याच क्षणी मऊ लगद्याचा साचा त्यांच्या तोंडात बसवला. "चावून धरा बाई. बोलायचं नाही, माप बिघडेल." बाईंचे डोळे नुसते गरगरत राहिले. सूनबाई दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. इतकी वर्षं मी तिला बघतोय, पण असं हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. साचा निघेपर्यंत बाई तो प्रश्न विसरल्या. आता त्यांचा जबडा आमच्या फळीवर आहे आणि मुलं त्यावर अपूर्णांक शिकतात.

परवाची गोष्ट. सुट्टी संपून शाळा पुन्हा उघडायचे दिवस. मी व्हरांड्यात, सूनबाई कुंपणाशी रंगाचा डबा घेऊन. फाटक रंगवत होती. एक तरुण बाई लेकीला हाताशी धरून आली. पोरीच्या पाठीवर कोरं दप्तर, डोळे रडून सुजलेले.

"अहो ताई," ती बाई म्हणाली, "आम्ही गावात नवीन आहोत. ही शाळा कशी आहे हो?"

मी पेपर खाली ठेवला. सूनबाईने ब्रश डब्यात बुडवला, बाहेर काढला, निथळू दिला. मग त्या पोरीसमोर खाली बसली, तिच्या डोळ्यांना डोळे भिडवून.

"घंटा अगदी वेळेवर होते," ती म्हणाली. "आणि मधल्या सुट्टीत तो चिंचेच्या झाडाखालचा कोपरा धर. तिथे ऊन येत नाही. आमची खिडकी तिथूनच दिसते. आमची दोघं असतात त्या वेळी खिडकीत, त्यांना हाक मार."

पोरीने नाक ओढलं आणि खिडकीकडे बघितलं.

"तुम्ही इथल्याच का?" बाईने विचारलं.

मी वाट बघत होतो, आता ती पाणी मागते की काय. पण सूनबाईने फाटकाच्या वरच्या पट्टीवर हिरव्या रंगाचा लांब हात मारला.

"हो," ती म्हणाली. "आम्ही इथलेच. फाटकाला हात लावू नका हं, रंग ओला आहे."